घातक वायु आणि सज्ज पथक



बारामती-इंदापूर म्हटलें कीं नीरेचा डावा कालवा, उसाचे मळे आणि भिगवणच्या जलाशयावर उतरणारे रोहित पक्षी आपल्या डोळ्यांपुढें येतात. रासायनिक अपघातांचा विषय या मुलखाशीं जोडलेला पाहून कोणास नवल वाटेल. तथापि ज्या उसानें हा प्रदेश संपन्न केला, त्याच्याच मागोमाग अनेक घातक द्रव्यें येथें आलीं. साखर कारखान्यांत रस शुभ्र करण्यास गंधक जाळतात. मळीपासून मद्यार्क निघतो आणि तो टँकरांतून रस्त्यानें जातो. मोठे दूधप्रकल्प आणि शीतगृहें यांतील थंडावा बहुधा अमोनियाचा असतो. पिण्याचें पाणी शुद्ध करण्यास क्लोरीन लागतो. शिवाय पुणें-सोलापूर हमरस्ता इंदापूर तालुक्यांतूनच जातो.

परंतु मला प्रथम सांगावयाची आहे ती घटना कारखान्यांतली नव्हे. मार्च २०२३ मध्यें बारामती तालुक्यांतील खांडज या गांवीं जनावरांच्या शेणमुताच्या टाकींत चार माणसें गुदमरून मरण पावलीं. एकजण आंत अडकला, आणि त्याला वांचविण्यास धांवलेलेहि परत आले नाहींत.

अशा टाकींत शेण कुजून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायॉक्साइड हे वायु सांठतात व प्राणवायु उणा होतो. हायड्रोजन सल्फाइडाला कुजक्या अंड्यासारखी घाण येते हें आपण शाळेंत शिकतों. पण त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे नाकच बधिर होतें आणि वास येईनासा होतो, हें तेथें फारसें कोणी सांगत नाहीं. वास गेला म्हणून धोका गेला असें समजणारा मनुष्य दोन-चार श्वासांतच कोसळतो. त्याला पाहून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठीं तिसरा. अशा वेळीं हातांत मिनिटेंच असतात. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची पांचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यांत सुदुंबरे येथें आहे खरी. पण तेथून इंदापूर शंभर किलोमीटरांहून बरेंच दूर पडतें. म्हणून पथक जवळचें हवें, आणि तें सज्ज हवें.

सज्ज या शब्दावर मी मुद्दाम भर देतों. साहित्य विकत घेणें सोपें आहे. त्याला हार घालून छायाचित्र काढण्याची तर आपल्याला हौसच असते. पुढें तें कुलुपांत जातें आणि किल्ली बदली झालेल्या कारकुनाबरोबर जाते. पाठीवर बांधावयाच्या श्वसनयंत्राचेंच पाहा. त्याच्या नळकांड्यांत सुमारें दोन हजार लिटर हवा दाबून भरलेली असते. कागदावर ती पाऊण तास पुरते. पण अंगावर माणूस घेऊन शिडी चढणाऱ्याला ती अर्धा तासहि पुरेल याची खात्री नसते, आणि त्यांतच परतीची वाट धरावयाची. तें नळकांडें रिकामें झालें तर पुन्हा कोठें भरावयाचें? भरण्याचें यंत्र पुण्यांत असेल, तर बारामतीच्या पथकाजवळ जितकीं नळकांडीं तितकेच अर्धे तास.

वायु मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट याहून नाजूक आहे. त्यांतील संवेदक न वापरतांहि दोन-तीन वर्षांत निकामी होऊं लागतात. ज्ञात प्रमाणाचा वायु देऊन तें वरचेवर पारखावें लागतें, आणि त्या पारखण्याच्या वायूलाहि मुदत असते. निकामी यंत्र शून्य दाखवितें. म्हणजे यंत्र नसण्यापेक्षांहि तें वाईट. अंगभर हवाबंद पोशाखाच्या शिवणी व सांखळ्या तपासाव्या लागतात. तो चढवून वैशाखांतल्या उन्हांत काम करावयाचें म्हणजे शरीराची परीक्षाच; त्याची संवय आधींच असावी लागते. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून दाढी ठेवतां येत नाहीं, हें सांगितल्यावर कित्येक उत्साही तरुण मागें सरतात!

द्रव्याद्रव्याची प्रकृतीहि निराळी. अमोनिया पाण्यांत झटकन विरघळतो, म्हणून त्याच्या ढगावर पाण्याचे तुषार सोडतात. क्लोरीनच्या गळक्या भांड्यावर मात्र पाणी मारूं नये. तें भोंक झिजून मोठें होतें. मद्यार्काच्या आगीवर नेहमींचा फेस टिकत नाहीं, त्याला वेगळा फेस लागतो. आणि भर दुपारीं त्याची ज्वाळा नीट दिसतहि नाहीं.

भोपाळचा संहार डिसेंबर १९८४ मधला. त्यानंतर जे कायदे झाले, त्यांतील १९९६ च्या नियमांप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं जिल्हा आपत्काल गट असावा, घातक कारखान्यांच्या वसाहतींसाठीं स्थानिक गट असावा, आणि स्थानिक गटानें दर सहा महिन्यांनीं एक संपूर्ण तालीम करावी असें ठरलें. माझ्या मतें या नियमांचा प्राण तालमींत आहे. तारीख व वेळ आधीं कळवून, मंडप घालून केलेली तालीम ही तालीम नव्हे. ती रात्रपाळीस, अचानक व्हावी. कोणतें कुलूप उघडत नाहीं, कोणाचा दूरध्वनि लागत नाहीं, तें तेव्हांच उमगतें. आणि जवळच्या कारखान्यांनीं आपलें साहित्य एकमेकांना देण्याचा करार शांततेच्या काळांतच करून ठेवावा.

माहितीवांचून मात्र उत्तम पथकहि आंधळें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. पोटांत कापसाच्या गांठी आणि सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें; पण त्याचा इशारा देणारें लाल निशाण जहाजावर नव्हतें. त्या दिवशीं अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले.

रस्त्यावरच्या टँकरास आज असें निशाण सक्तीचें आहे. मागें व बाजूंना एक पाटी असते; तिच्यावर चार आंकडी क्रमांक असतो. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, ११७० म्हणजे मद्यार्क. भिगवणजवळ एखादा टँकर कलंडलेला दिसला, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर थांबावें; सांडलेलें भरून घेण्यास बादली घेऊन निघालेल्यांना परतवावें; आणि ११२ या क्रमांकावर ठिकाण कळवून, दुरून दिसला तर पाटीवरचा आंकडा सांगावा. तेवढ्यावरून, गाडी निघण्यापूर्वींच, कोणता फेस आणि कोणता पोशाख तींत चढवावयाचा हें पथकाला कळतें.