कोणती बॅटरी घ्यावी?

मंडळी, गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या संगमनेरकडे उसाच्या फडात, पहाटेच्या अंधारात, एका मजुराच्या पायाला कोयता लागला. आम्ही बॅटरी लावली. ती बिबट्यासाठी घेतलेली, लांब झोताची. रुपयाएवढ्या जागेत डोळे दिपवणारा उजेड, बाजूला मिट्ट काळोख! रक्त कुठून येते तेच दिसेना. शेवटी काचेवर धोतराचा पातळ सोगा धरला. उजेड पसरला, जखम दिसली. मग स्वच्छ फडके दाबून धरले. १०८ नंबरला फोन पोरांनी केलाच होता.

तेव्हा दुकानातच बॅटरी हातभर अंतरावरून भिंतीवर लावून पाहा. सुपाएवढा, सगळीकडे सारखा, पांढरा उजेड पडला पाहिजे. कपाळाला बांधायची मिळाली तर फारच बेस. दोन्ही हात मोकळे राहतात. लांब झोताची मात्र टाकू नका. सडकेवर गाडीला खूण करायला तीच लागते.