अपैशुन

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी अहिंसा, सत्य यांच्याच पंक्तीस 'अपैशुन' बसविले आहे. पैशुन म्हणजे चहाडी, पाठीमागे दुसऱ्याचे व्यंग उघडे करणे. पुढील अध्यायात वाणीचे तप सांगताना बोलणे सत्य असून शिवाय ऐकणाऱ्यास न दुखविणारे, प्रिय व हितकर असावे, अशी अट घातली आहे. 'मी खरे तेच बोललो' ही आपली नित्याची पळवाट तेथेच बंद होते!

इंदूरकरांनी उदाहरणासाठी दूर जावयास नको. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचिला. मातुःश्रींनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण दुर्बळ, पापी स्त्री आहोत, असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकविला. जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही हकीकत नमूद आहे. जेथे स्वतःच्या स्तुतीची ही गत, तेथे परनिंदेला कोण विचारतो?

मी हे अधिकाराने सांगत नाही. मठात नेमाने वाती वळून देणाऱ्या एका वृद्ध बाईंविषयी कीर्तनानंतर ओसरीवर मी एक वाक्य बोललो. ते खोटे नव्हते. बाई पुन्हा आल्या नाहीत. वर्ष उलटल्यावर क्षमा मागावयास मी त्यांच्या दारी गेलो. त्यांनी बसावयास पाट दिला आणि विचारले, "प्रसाद आणलात का?" मी रिक्तहस्ते गेलो होतो.