मोटारीतील खर्ज

आपल्या संगीतात खर्जाला मानाचे स्थान आहे. तंबोऱ्याच्या चार तारांतील शेवटची तार खर्जाची. तिच्या गंभीर नादाच्या आधारावर गायक आपला राग उभारतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात ही तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. मोटारीच्या डिकीत बसविलेल्या ज्या मोठ्या ध्वनिक्षेपकाला सबवूफर म्हणतात, त्याचे राज्य याच प्रदेशात, साधारणपणे ८० कंपनांच्या खाली चालते. दारांत बसविलेल्या लहान स्पीकरांना इतका खालचा स्वर पेलत नाही. आणि जो थोडाफार उमटतो, तो चाकांच्या घरघरीत बुडून जातो. तेव्हा सबवूफर बसविण्याची हौस निराधार आहे, असे म्हणता यावयाचे नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. हे प्रमाण कानाने न ठरविता मोजून ठरवावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कानाने का ठरवू नये? अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, आपला कान सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. सेकंदाला एक हजार कंपनांचा स्वर जेथे नुकता ऐकू येऊ लागतो, तेथे ५० कंपनांचा स्वर ऐकू येण्यास त्याहून सुमारे ४० डेसिबल अधिक जोर लागतो. शिवाय मोठा आवाज सतत ऐकून कान बधिरतो आणि काल पुरेसा वाटलेला खर्ज आज अपुरा वाटू लागतो. मग हात आपसूक ॲम्प्लिफायरच्या बटणाकडे जातो.

त्या बटणाला ‘गेन’ म्हणतात, आणि बहुतेक घोटाळा तेथेच होतो. ते आवाज वाढविण्याचे बटण आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः मोटारीतील मुख्य संचाकडून येणारा विद्युत्संदेश कोठे दोन व्होल्टांचा, कोठे चार व्होल्टांचा असतो; त्याचा आणि ॲम्प्लिफायरचा मेळ घालून देणे, एवढेच त्या बटणाचे काम. तो मेळ सुटला की ॲम्प्लिफायरकडे आपल्या कुवतीपेक्षा अधिक मागणी होते आणि ध्वनिलहरीचा गोलसर माथा छाटला जाऊन सपाट होतो. पूर्णपणे छाटलेल्या लहरीची शक्ती तितक्याच उंचीच्या शुद्ध लहरीच्या दुपटीपर्यंत जाते. ती सारी स्पीकरमधील तारेच्या बारीक वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने उतरते. जळका वास येईपर्यंत वेटोळे बहुधा कामातून गेलेले असते.

यावरचा उपाय सोपा आहे. प्रथम बेस वाढविणारी सारी बटणे बंद करावीत, गेन अगदी खाली आणावा आणि सबवूफरच्या तारा सोडवून ठेवाव्यात. दारांतील स्पीकरही बंद ठेवावेत. ॲम्प्लिफायरमधील गाळणी मोजणीपुरती पूर्ण उघडी असावी. मुख्य संचाचा आवाज पाऊणपट्टीवर ठेवून ५० कंपनांचा शुद्ध, पूर्ण पातळीचा स्वर लावावा. आपल्या घरातील वीजही सेकंदाला ५० आवर्तनांचीच असल्याने साधे मल्टिमीटर हा स्वर नीट मोजते. मग सबवूफर आणि ॲम्प्लिफायर यांपैकी ज्याची अखंड शक्ती कमी असेल, तिचे वॅट घ्यावेत, त्यांना सबवूफरच्या ओहमने गुणावे आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. शक्ती ४०० वॅट आणि रोध ४ ओहम असेल, तर गुणाकार १६०० आणि वर्गमूळ ४०. ॲम्प्लिफायरच्या निर्गमावर ४० व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवावा आणि तेथेच थांबावे. या वेळी उघड्या टोकांना हात लावू नये. स्वर बंद करून तारा जोडाव्यात, गाळणी ८० कंपनांच्या आसपास आणावी, गेनच्या जागी खूण करावी आणि मुख्य संचाचा आवाज पाऊणपट्टीपुढे कधी नेऊ नये. वेष्टनावर ठळक छापलेले क्षणिक शक्तीचे मोठे आकडे या हिशेबात धरू नयेत.

अतिखर्जाच्या संगीतासाठी आणखी एक दक्षता हवी. कंपने निम्मी झाली की मोकळ्या हवेत तितकाच आवाज काढण्यास स्पीकरच्या पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. पेटीला हवेसाठी झरोका असेल, तर ती पेटी ज्या स्वराला जुळविली आहे, त्याच्या खाली पडद्याला हवेचा आधारच उरत नाही आणि तो बेफाम हलू लागतो. अशा पेटीसाठी अतिखर्ज अडविणारी दुसरी गाळणी त्या स्वराच्या जरा खाली अवश्य लावावी.

श्रोतेहो, जळलेला सबवूफर नवा आणता येतो; कानाचे तसे नाही. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. तोच आवाज ९० डेसिबलवर गेला की ही मुदत अवघ्या चार तासांवर येते. मोटारीतून उतरल्यावर कानात शीळ वाजत राहिली, किंवा सोबत्याचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटले, तर मर्यादा ओलांडली असे निश्चित समजावे. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत नसेल, तर आपला खर्ज दुसऱ्याच्या जिवावर उठला आहे. रात्री दहानंतर वस्तीतून जाताना तो आणखी उतरवावा. कारण खालचे स्वर भिंतींना जुमानत नाहीत, आणि झोपलेल्या माणसाला गाणे ऐकू न येता केवळ खिडकीच्या तावदानांची थरथर ऐकू येते.

तंबोरा जुळविणारा कलावंत खर्जाची तार इतर तारांवर कुरघोडी करू देत नाही. मोटारीतही हाच दंडक पाळावा. सबवूफर वाजतो आहे हे वेगळे जाणवू नये. तो बंद केल्यावर मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटावी. इतका खर्ज पुरेसा आहे.