दृश्य न झाकणारी प्रतिमा

होलोग्राफिक वेव्हगाइड म्हणजे समोरचे दृश्य न झाकता त्यावर अक्षरे, आकडे किंवा नेमाची खूण दाखवणारी पातळ पारदर्शक काच. लढाऊ विमानात दृश्यावरच माहिती दाखवणाऱ्या दर्शकाची निकड सर्वांत जास्त असते. वैमानिकाने उपकरणांकडे पाहण्यासाठी एक सेकंद मान खाली घातली, तरी ध्वनीच्या वेगाने जाणारे विमान तेवढ्यात सुमारे ३०० मीटर पुढे गेलेले असते. म्हणून वेग, उंची, दिशा ही माहिती त्याच्या नजरेसमोरच उमटवली जाते. ‘तेजस’ विमानासाठी नजरेसमोर माहिती दाखवणारा दर्शक चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केला.

जुन्या पद्धतीच्या दर्शकात मोठे भिंग आणि तिरपी काच लागते. वैमानिकाला डोके हलवायला जितकी मोकळीक द्यावी, तितके भिंग मोठे आणि जड होत जाते. वेव्हगाइड ही अडचण दूर करतो.

त्यात एका लहानशा पडद्यावरचे चित्र भिंगातून जाते. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचे किरण तेथे समांतर होतात, त्यामुळे चित्र फार दूर असल्यासारखे दिसते आणि नजर पुन्हा जुळवावी लागत नाही. मग पहिला होलोग्राम, म्हणजे प्रकाश वळवणारा अतिसूक्ष्म पट्ट्यांचा थर, हे किरण तिरपे वळवून काचेत शिरवतो. अपवर्तनांक १.५ असलेल्या काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश असतो. त्याहून मोठ्या कोनाने पृष्ठभागावर आदळणारा प्रकाश बाहेर पडत नाही, पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन तो आतल्या आत पुढे सरकतो. डोळ्यासमोर दुसरा होलोग्राम असतो. प्रत्येक आदळण्याला तो थोडा थोडा प्रकाश बाहेर सोडतो. एकाच बिंदूचे किरण अनेक ठिकाणांहून, पण त्याच कोनात बाहेर येतात. म्हणूनच डोळा सरकला तरी चित्र एकच आणि स्पष्ट दिसते.

हे होलोग्राम ज्या तंत्राने बनतात, त्या होलोग्राफीची कल्पना डेनिस गॅबर यांनी १९४७ साली मांडली. तिच्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० साली लेसर आल्यावर ती खऱ्या अर्थाने वापरात आली. दोन लेसर किरणपुंज एकत्र पाडले की प्रकाशसंवेदी थरात अतिसूक्ष्म पट्टे तयार होतात. हे पट्टे ठरावीक कोनातून येणारा ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश प्रामुख्याने वळवतात. बाकीचा बहुतेक प्रकाश सरळ पार जातो, म्हणून काच पारदर्शक राहते.

बंदुकीवरील होलोग्राफिक साइटची, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाची, रचना वेव्हगाइडपेक्षा वेगळी असते. तिथे नेमाची खूणच होलोग्राममध्ये नोंदलेली असते आणि लेसर डायोडच्या प्रकाशात ती लक्ष्यावर दिसते.

वेव्हगाइडला मर्यादाही आहेत. लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या कोनांत वळतात, त्यामुळे रंगीत चित्रासाठी अनेकदा एकाहून अधिक थर लागतात. दृश्यक्षेत्र रुंद करायचे तर जास्त अपवर्तनांकाची, म्हणजे महाग काच हवी. शिवाय पडद्यापासून निघालेल्या प्रकाशाचा थोडाच भाग डोळ्यापर्यंत पोहोचतो. तरीही मोठ्या भिंगाचे काम काही मिलिमीटर जाडीच्या काचेवर आले आहे. आता भर उन्हातही स्पष्ट दिसणारे रुंद रंगीत चित्र मिळवणे ही या तंत्रापुढची खरी कसोटी आहे.