स्मार्ट घर सोपं करायचं, पण कुणासाठी?

आजच्या भागात कोड कमी आणि वैताग जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय आहे होम ऑटोमेशन. म्हणजे दिवे, पंखे, गीझर, पाण्याची मोटर हे सगळं फोनवरून किंवा आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. आणि त्यातला एकच प्रश्न: हे सॉफ्टवेअर नवख्या माणसासाठी सोपं करायचं, म्हणजे नक्की काय करायचं?

मी आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी मित्रांच्या, नातेवाइकांच्या घरी या गोष्टी बसवून देतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकावं लागतं. मुरलेले लोक म्हणतात, "सोपं करता करता सगळं लपवून टाकलं." नवखे म्हणतात, "याला सोपं म्हणतात?" गंमत अशी की दोघंही खरं बोलतायत.

उदाहरण म्हणून होम असिस्टंट घेऊ. ओपन सोर्स, फुकट, आणि घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. पॉलस स्खाउट्सन या डेव्हलपरने २०१३ मध्ये ते पायथनमध्ये लिहायला घेतलं. सुरुवातीची बरीच वर्षं त्यातली जवळपास सगळी मांडणी यॅमल नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये करावी लागायची. यॅमल दिसायला गरीब गाय. पण एक स्पेस इकडची तिकडे झाली की अर्थच बदलतो, आणि टॅबने जागा सोडली की फाइल वाचलीच जात नाही. कोड लिहिणाऱ्यांनाही यात घाम फुटतो. मग ज्याला फक्त हॉलमधला दिवा संध्याकाळी लावायचाय, त्याने काय करायचं?

म्हणून एप्रिल २०२० मध्ये प्रोजेक्टने धोरण जाहीर केलं: उपकरणांशी किंवा बाहेरच्या सेवांशी बोलणाऱ्या नव्या इंटिग्रेशन्सची जोडणी स्क्रीनवरूनच होईल, यॅमलमधून नाही. यावरून बरीच खडाजंगी झाली. विरोध करणाऱ्यांच्या मुद्द्यात दम होता. टेक्स्ट फाइलची कॉपी ठेवता येते, मित्राला पाठवता येते, काल आणि आज यात काय बदललं ते बघता येतं. स्क्रीनवर कुठली बटणं दाबली याची अशी नोंद हातात राहत नाही. ऑटोमेशन्स मात्र आजही यॅमलमध्ये लिहिता येतात, ती सोय काढलेली नाही.

पण यॅमल की बटण, हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांचा आहे. घरात राहायचं असतं वर्षानुवर्षं. खरी कसोटी दहाव्या महिन्यात लागते, आणि तेव्हा त्रास होतो तो ज्याने हे बसवलं त्याला नाही, घरातल्या बाकीच्यांना.

कसा, ते बघा. नवखा माणूस पहिलं ऑटोमेशन हमखास हे करतो: बाथरूममध्ये हालचाल दिसली की दिवा लाव, पाच मिनिटं थांब, दिवा बंद कर. स्क्रीनवर चार टिचक्यांत होतं. लगेच चालतं. सगळे खूश. मग एक दिवस आजी अंघोळीला जातात आणि बरोबर पाच मिनिटांनी अंधार! का? कारण ऑटोमेशनचा मूळ मोड 'सिंगल' असतो. एकदा सुरू झालं की ते संपेपर्यंत नव्या हालचालीकडे लक्षच देत नाही. हा मोड बदलता येतो, पण पर्याय असतो तीन टिंबांच्या मेनूत. ज्याला मोड नावाची भानगड असते हेच माहीत नाही, तो तिथे कशाला जाईल? आता ओल्या फरशीवर, अंधारात, सत्तरीतल्या बाईने काय करायचं?

याचं चांगलं उत्तरही त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे बरं का. डिसेंबर २०२० मध्ये ब्लूप्रिंट आले. ब्लूप्रिंट म्हणजे कुणीतरी विचार करून आधीच बनवलेला साचा. हालचालीवर दिवा लावायचा साचा सोबतच मिळतो. तो तुम्हाला तीनच गोष्टी विचारतो: सेन्सर कुठला, दिवा कुठला, आणि हालचाल थांबल्यावर किती वेळ थांबू. मोडचं झंझट साच्याच्या आत मिटवलेलं आहे. हे मला खरं सोपं करणं वाटतं. तिन्ही प्रश्न घरातल्या भाषेतले आहेत आणि तिसऱ्या प्रश्नातला 'हालचाल थांबल्यावर' हा एक शब्दप्रयोग आजींना अंधारातून वाचवतो.

आता दुसरं उदाहरण, आपल्याकडचं. पाण्याची मोटर. ऑटोमेशन काय? मोटर वीस मिनिटं चालू राहिली की बंद कर. सोपं ना? आता दहाव्या मिनिटाला लाइट जाते. मोटर थांबते, आणि इन्व्हर्टरवर नसेल तर होम असिस्टंटचा कॉम्प्युटरही बंद पडतो. पाच मिनिटांनी लाइट येते. पुष्कळ स्मार्ट स्विच 'आधी जसा होतो तसा' सुरू होतात, त्यामुळे मोटर परत चालू. पण 'वीस मिनिटं झाली का' हे मोजणारा काउंटर रीस्टार्टमध्ये पुसला गेलेला असतो. दहा मिनिटं आधी झाली होती, हे आता कुणालाच आठवत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय की अशी मोजणी रीस्टार्टनंतर टिकत नाही. पण ज्या स्क्रीनवर आपण 'वीस मिनिटं' टाइप करतो, तिथे हा इशारा कुठे असतो? टाकी भरते, वाहते, आणि ज्या सोसायटीत दिवसाला तासभर पाणी येतं तिथे ते गच्चीवरून खाली जातं. वर शेजाऱ्यांचं ऐकायला लागतं ते वेगळंच.

यावर उपाय आहेत. टायमर हेल्परमध्ये रीस्टार्टनंतरही वेळ लक्षात ठेवायचा पर्याय असतो. त्याहून चांगलं म्हणजे 'इतक्या मिनिटांनी स्वतःच बंद हो' हा नियम स्विचच्या आतच टाकणं, आणि लाइट आल्यावर बंदच राहायला सांगणं. सगळ्यात चांगलं म्हणजे टाकीत फ्लोट स्विच. त्याला ना वायफाय लागत, ना अपडेट. आणि मोटरचा लोड झेपेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, तिथे यूट्यूब नको.

आता आम्हा इंजिनिअर लोकांची अडचणही ऐका. प्रत्येक वेळी सगळेच प्रश्न विचारले तर नवखा पळून जातो. काहीच नाही विचारले तर आजी अंधारात. शब्द बदलला तरी पंचाईत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये होम असिस्टंटने 'सर्व्हिस' हा शब्द काढून 'ॲक्शन' केला. नव्या माणसाला तो जास्त कळतो, मान्य. पण आधीची वर्षानुवर्षांची व्हिडिओ आणि उत्तरं 'सर्व्हिस' म्हणतायत. नवखा व्हिडिओ बघतो, स्क्रीनवर तो शब्द शोधतो, सापडत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. तुमच्यापैकी कुणाला असं वाटलं असेल तर सांगतो, तो दोष तुमचा नाही.

मग सोपं म्हणजे काय? माझ्यापुरत्या मी तीन अटी ठरवल्यात.

एक, बिघडलं तर काय होईल हे बसवतानाच विचारा. "लाइट जाऊन आली तर मोटर चालू ठेवू की बंद?" हा प्रश्न माझ्या मावशीलाही कळतो. तिला 'मोड' कळायची गरज नाही.

दोन, आत जायचा दरवाजा उघडा ठेवा. आज नवखा असलेला माणूस सहा महिन्यांनी नवखा राहत नाही. त्याला तेव्हा यॅमल बघावंसं वाटलं तर बघता यायला हवं.

तीन, भिंतीवरचं बटण चाललंच पाहिजे. स्मार्ट बल्ब लावला आणि सवयीने कुणी बटण बंद केलं, की बल्बची वीज गेली, ॲप काहीच करू शकत नाही. मग लोक बटणावर चिकटपट्टी लावतात! त्यापेक्षा बोर्डाच्या आत रिले बसवा. जुनं बटणही चालतं, फोनही चालतो. त्याला बहुतेक वेळा न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर प्लगचं सॉकेट आहे तिथे ती असते, नुसत्या बटणांच्या बोर्डात नसूही शकते. आधी तपासून घ्या.

कारण बघा, आपल्यातले कितीतरी जण गावी किंवा आईबाबांच्या फ्लॅटमध्ये हे सगळं बसवून देतात आणि नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर थेट परदेशात जातात. मग घराचा ॲडमिन एका शहरात आणि घर दुसऱ्या. रात्री अकराला आईचा फोन येतो, "अरे, पंखा बंदच होत नाहीये." आपल्याच घरातला पंखा बंद करायला मुलाला फोन लावावा लागणं, याला मी स्मार्ट म्हणणार नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. रविवारी राऊटर आणि होम असिस्टंटचा कॉम्प्युटर दोन्ही बंद करा. मग आईला, आजीला, रूममेटला, जे कोण घरात असेल त्यांना अर्धा तास घर वापरू द्या. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. ते जिथे अडतील ती जागा वहीत लिहा. पुढचा बदल तिथूनच सुरू करायचा, नवीन सेन्सर नंतर घ्या.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि मोटर बंद केलीय ना, ते एकदा बघून या!