बोलके यंत्र आणि बोलता विद्यार्थी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भाषाशिक्षणातील नव्या यंत्रांविषयी मी बोलावे, अशी आपण आज्ञा केलीत. मी शिक्षक नव्हे, संगणकतज्ज्ञ तर नव्हेच. कापडाच्या गादीवर चाळीस वर्षे बसलेला एक व्यापारी आहे. तरीही या विषयाशी माझे एक जुने दुःख निगडित असल्याने होकार दिला.

1981 साली मी नागपूर विद्यापीठाचा बी.कॉम. झालो. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. व्याकरण मुखोद्गत, पत्रलेखन निर्दोष. त्याच सुमारास एका मिलच्या एजन्सीसाठी वडिलांसमवेत मुंबईस गेलो. अर्ज मीच इंग्रजीत लिहिला होता. परंतु समोरच्या अधिकाऱ्याने दोन साधे प्रश्न विचारताच माझी वाचाच बसली. एजन्सी दुसऱ्यास मिळाली. परतीच्या गाडीत वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "लिहायला शिकलास, बोलायला तुला कुणी शिकवलंच नाही."

याउलट, घरात मारवाडी बोलणारा मी झाडीबोली मात्र एकही पुस्तक न उघडता शिकलो. दुकानात येणाऱ्या आयाबाया माझ्या चुकांवर हसत, योग्य शब्द सांगत आणि पुढच्या बाजाराला पुन्हा येत. भाषा बोलल्याने येते आणि बोलणे भीती गेल्याने येते, हे मला गिऱ्हाइकांनी शिकविले.

आता वर्गाचा हिशेब मांडू या. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु वर्गात 40 मुले आणि तासिका 35 मिनिटांची असेल, तर शिक्षकांनी स्वतः एक शब्दही न उच्चारता प्रत्येकाला बोलू दिले तरी वाट्याला पुरते एक मिनिटही येत नाही. दोष शिक्षकांचा नव्हे, या भागाकाराचा आहे.

येथे बोलके यंत्र उपयोगी पडते. गूगलने 2019 मध्ये भारतात 'बोलो' हे अॅप आणले. पुढे 'रीड अलाँग' या नावाने ते मराठीतही उपलब्ध झाले. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते आणि अडल्या शब्दाला साहाय्य करते. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर प्रत्यक्ष संभाषणही शक्य झाले. अफाट लिखित मजकुरातून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येतो याचे आडाखे शिकलेले हे यंत्र आपले बोलणे अक्षरांत उतरवते, उत्तर जुळवते आणि आवाजात ऐकवते. ते हसत नाही, थकत नाही, दहाव्यांदा विचारले तरी कंटाळत नाही. लाजऱ्या मुलासाठी हे मोठेच वरदान होय.

तथापि त्याच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे; म्हणून मुलाने घरचा पत्ता वा खाजगी गोष्टी यंत्राला सांगू नयेत, याकडे मोठ्यांचे लक्ष हवे. तिसरी मर्यादा मी स्वतः अनुभवली. आपल्या झाडीबोलीत डोळ्याला 'डोरा' म्हणतात. मी मोबाईलपुढे 'डोरा' म्हटले, तर त्याने 'दोरा' लिहिले! कापडवाल्याने दोराच मागावा, असे त्याला वाटले असावे. आपण हसून सोडून देऊ. पण आपल्या खेड्यातील मूल 'माझेच बोलणे अशुद्ध' असे समजून गप्प बसेल. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या बोलीच्या अभ्यासासाठी एवढे कष्ट घेतले, ती चूक नसून आपले धन आहे, हे मुलाला शिक्षकच सांगू शकतात. भगवान महावीरांनी आपला उपदेश लोकांच्या अर्धमागधीत केला, हे आपण विसरू नये.

तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडिवट गावचे उदाहरण बोलके आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेच्या मुलांनी यंत्रमानवाच्या ओढीने जपानी भाषा निवडली. प्रारंभी इंटरनेटवरील चित्रफिती व भाषांतराची अॅपे एवढाच आधार होता. पुढे शहरातील एका भाषातज्ज्ञाने विनामूल्य ऑनलाईन वर्ग घेतले आणि 2020 मध्ये या मुलांच्या जपानीची बातमी देशभर पोहोचली. यंत्राने दार उघडले. आत हात धरून नेले ते माणसाने.

गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यातील एका शाळेत माझ्या परिचयाच्या शिक्षकांनी मला बोलावले. त्यांच्या वर्गातील मुले पाच-पाचच्या गटात मोबाईलशी 'दुकानदार व गिऱ्हाईक' असा इंग्रजी संवाद करीत. आठ दिवसांच्या सरावानंतर खरा दुकानदार हवा, म्हणून मला बसविले. आठवीतील एक अबोल मुलगी पुढे आली. मी किंमत सांगताच ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "इट इज टू कॉस्टली, शेठजी!" सारा वर्ग हसला. मुंबईच्या त्या कचेरीनंतर प्रथमच मी न अडखळता इंग्रजीत भाव कमी केला.

बंधू-भगिनींनो, दुकानात आपण आरसा ठेवतो. गिऱ्हाईक कापड अंगाला लावून त्यात पाहते. परंतु कपडा शिवायचा तो चार माणसांत मिरवण्यासाठी. हे यंत्र तसा आरसा आहे. मुलांना त्यापुढे निःसंकोच उभे राहू द्यावे. मात्र सरावाचा शेवट माणसापाशी व्हावा. त्यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने जवळच्या शाळेत महिन्यातून एक तास 'गिऱ्हाईक' होऊन बसावे, एवढीच विनंती. इंग्रजी येत नसेल तरी चालेल, मुले शिकवतील.

जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!