पाण्याचे वय आणि खाणीचे आयुष्य
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कोरड्या मुलखात पाणीच नसते, हा समज प्रथम दूर करणे अगत्याचे आहे. पाणी असते, ते किती खोल आहे, कसले आहे आणि त्यावर हुकूम कोणाचा चालतो, एवढाच प्रश्न असतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅम ही भूमिगत खाण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी देते.

अ‍ॅडलेडच्या उत्तरेस सुमारे ५५० किलोमीटरांवरील या प्रदेशात वर्षाकाठी जेमतेम १६० मिलिमीटर पाऊस पडतो. १९७५ साली वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशनला तेथे तांबे, युरेनियम, सोने व चांदी यांचा प्रचंड साठा सापडला. १९८८ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २००५ मध्ये खाण बीएचपी या बलाढ्य कंपनीकडे गेली. खनिज सुमारे ३५० मीटर खोल आहे. भूजल त्याच्या पुष्कळ वरच्या थरांत लागते, परंतु ते समुद्राशी बरोबरी करील इतके खारट. हवा खेळती राहावी म्हणून पाडलेल्या उभ्या विवरांतून ते खाणीत उतरते आणि सभोवतालची भूजलपातळी खालावते. खनिज काढून उरलेला गाळ जेथे साठवतात, तेथे मात्र उलट घडले. तळातून लक्षावधी घनमीटर द्रव झिरपून खालची पातळी वर चढल्याचे १९९४ मध्ये उघडकीस आले आणि राज्याच्या संसदीय समितीला चौकशी करावी लागली.

पायाखालचे पाणी असे निरुपयोगी, म्हणून गोडे पाणी शंभर-दोनशे किलोमीटरांवरून आणले जाते. ते येते ग्रेट आर्टेशियन बेसिनमधून. ऑस्ट्रेलियाचा पंचमांशाहून अधिक भूभाग व्यापणाऱ्या या भूजलखोऱ्यातील काही पाणी लाखो वर्षांपूर्वी मुरलेले आहे. आपल्याच दाबाने ते वाळवंटात झऱ्यांच्या रूपाने वर येते. जगात अन्यत्र न आढळणारे जीव या झऱ्यांपाशी जगतात, आणि अरबाना लोकांच्या कथा, वाटा व श्रद्धा त्यांच्याशी निगडित आहेत. पहिले कूपनलिका-क्षेत्र या झऱ्यांच्या जवळच उभारले गेले. दाब घटला, काही झऱ्यांचा प्रवाह रोडावला. प्रिसिला आणि व्हेनेबल हे झरे आटले. १९९६ मध्ये अधिक दूरचे दुसरे क्षेत्र सुरू करून उपशाचा बराच भार तिकडे वळवावा लागला.

हा हुकूम आला कोठून? १९८२ च्या रॉक्सबी डाउन्स करारनाम्याच्या कायद्यातून. वरिष्ठ सभागृहात तो अडला होता. नॉर्म फॉस्टर या मजूर पक्षीय सदस्याने पक्ष सोडून बाजूने मत दिले, तेव्हा तो संमत झाला. या कायद्याने कंपनीशी झालेल्या कराराला राज्याच्या इतर कायद्यांहून वरचे स्थान दिले. अरबाना लोकांचा भूमीवरील मूळ हक्क न्यायालयाने मान्य केला तो २०१२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. पाण्याचा करार आधी झाला आणि पाण्याच्या राखणदारांना ओळख मागाहून मिळाली.

समर्थक म्हणतात, पशुपालकांच्या उघड्या कूपनलिकांनी शतकभर याहून अधिक पाणी वाया घालवले. हे खरे आहे. परंतु १९९९ पासून सरकारी पैशाच्या साहाय्याने त्यांपैकी अनेक कूपनलिका बंद वा नियंत्रित करण्यात आल्या. त्यातून वाचलेला दाब झऱ्यांना परत मिळावा, की नव्या उपशाचे निमित्त व्हावा?

पर्याय नाही, हेही खरे नव्हे. खाण उघडी करून अनेक पटींनी वाढविण्याच्या योजनेत समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प होता. २०११ मध्ये तिला मंजुरी मिळाली; २०१२ मध्ये कंपनीने योजना गुंडाळली, आणि तिच्याबरोबर तो प्रकल्पही. नफ्याचे गणित जुळत होते तोवर समुद्र जवळ होता; ते बिघडताच तो दूर गेला!

खाणीचे आयुष्य दशकांनी मोजतात, त्या पाण्याचे वय लाखो वर्षांनी. जे एका पिढीने निर्माण केले नाही, ते एका पिढीच्या कायदेमंडळाने एका कंपनीच्या स्वाधीन करावे काय? रोजगार हवा, तांबेही हवे. पण पाण्याचा हिशेब कंपनीच्या वहीत नव्हे, लोकांच्या चावडीवर मांडला गेला पाहिजे. कोरड्या मुलखात लोकशाहीची खोली तेथील भूजलाच्या पातळीवरून मोजावी लागते.